शेपटाचा पदर

सोमवार, ३ फेब्रुवारी १९३६

इंजिन झालं. पंख झाले. चाकं झाली. शेपूट चढवलं. आता शेपटाचे दोन पदर राहिले!

गुरप्पा गोदामाच्या दारात सुपारी कातरत उभा होता. म्हणाला, "पंत, हत्ती गेला की. शेपूट तेवढं ऱ्हायलंय." मी म्हटलं, अरे, इथं खरोखरीच शेपूट राहिलंय. तो हसला नाही. स्वतःच्या विनोदाला तो हसत नाही, दुसऱ्याच्या तर नाहीच नाही.

पदर हा शब्द सुंदरम्माचा. गुरप्पाची बायको. इंग्रजी कागदात 'फेअरिंग' लिहिलंय. शेपटाचा आडवा पंख विमानाच्या अंगाला जिथं मिळतो, तिथं बोटभर फट राहते. वारा आत शिरला की शेपूट थरथरतं. म्हणून दोन्हीकडून वळवलेला पत्रा लावून ती फट झाकायची. सुंदरम्माला हे समजावून सांगितलं तर म्हणाली, "सेरगु की ह्ये." कानडीत सेरगु म्हणजे पदर. तेव्हापासून आम्ही पदरच म्हणतो. फेअरिंग म्हणताना मला उगीच साहेबापुढं उभं असल्यासारखं वाटतं.

विलायतेहून पेट्या आल्या त्याला दीड वर्ष होऊन गेलं. माझ्या लेकीच्या, लीलाच्या मामानं मुंबईहून मागवल्या. भाची विमान शिकली, परवाना मिळवला, आता तिला स्वतःचं विमान पाहिजे! आणि जोडायचं कुणी? तिच्या नानांनी, म्हणजे मीच! नाना मिलच्या ड्रॉइंग ऑफिसातून मोकळे झालेत, घरी माश्या मारतात. भवानी पेठेतलं गुरप्पाचं सरकीचं गोदाम रिकामं होतं. झालं, जुळलं सगळं.

पदर बसले की लीला मुंबईहून येणार. वळसंगला गुरप्पाचं रान आहे, तिथून उडणार. वाटेत उतरत उतरत थेट उत्तरेत — तिथल्या एका संस्थानात राणीसाहेबांना विमान शिकवायची नोकरी. पाच वर्षं. मधे यायला मिळेल न मिळेल.

मला तिनं जायला नको आहे. हे तिला सांगणार नाही, गुरप्पालाही नाही. इथं लिहून ठेवतो आणि गप्प बसतो.


बुधवार, ५ फेब्रुवारी

सागवानी ठोकळ्यावर पत्रा ठेवून लाकडी मोगरीनं हलके हलके ठोकत होतो. जोर लावला की पत्र्याला सुरकुती पडते. धीरानं घ्यावं लागतं.

तो आवाज ऐकताना मधेच हात थांबला. अगदी आपल्या परसातला आवाज! लीलाची आई, गोदावरी, दगडावर धुणं धोपटायची तो. ती जाऊन इतकी वर्षं झाली, परसातला दगडसुद्धा कुणी उचलून नेला. आणि आवाज इथं सापडावा, सरकीच्या गोदामात. मग बराच वेळ नुसताच ठोकत बसलो. पत्र्याला त्याची गरज नव्हती.


शुक्रवार, ७ फेब्रुवारी

पत्रा वळवला. मनासारखा वळला नाही. सरळ केला.


रविवार, ९ फेब्रुवारी

आज काम नाही. रविवार.

लीला तेव्हा सात-आठ वर्षांची असेल. होटगीच्या बाजूला माळावर एक विमान उतरलं होतं, काय बिघडलं होतं कोण जाणे. सगळं सोलापूर लोटलं होतं बघायला! मिलच्या पहिल्या पाळीतली माणसं तशीच, अंगावर कापसाचे पुंजके घेऊन. गोदावरीनं कडक भाकरी आणि शेंगाची चटणी बांधून घेतली होती, जत्रेला निघाल्यासारखी. मी म्हटलं, अगं, विमान बघायला चाललोय, तिथं बसून जेवायचंय का? म्हणाली, "लीलाला भूक लागली म्हणजे विमान देणार आहे का खायला?"

गोऱ्या शिपायानं दोरी बांधून माणसं लांब ठेवली होती. लीला माझा हात सोडून केव्हा दोरीखालून गेली मला कळलंच नाही. दिसली ती एकदम विमानाच्या शेपटाशी. हात लावून उभी! शिपाई ओरडला, गोदावरी त्याच्यापेक्षा मोठ्यानं ओरडली. परत आली ती तळहात मुठीत धरून. घरी येईपर्यंत मूठ उघडली नाही. रात्री जेवायला बसली तीही डाव्या हाताची मूठ मिटूनच. गोदावरी हसून हसून बेजार.

पुढच्या वर्षी गोदावरी तापानं गेली.

मला वाटतं लीला त्या दिवशीच गेली होती. मी उगीच इतकी वर्षं तिला घरात धरून बसलो.


बुधवार, १२ फेब्रुवारी

डावा पदर झाला. गोल छान आला आहे. हात फिरवला तर कुठं अडत नाही.

सुंदरम्मा डब्यात ताक घेऊन आली होती. "इमान कवा उडनार?" वळसंगकडं सगळे विमानाला इमानच म्हणतात. मी म्हटलं, सुंदरम्मा, इमान उडालं तर माणसापाशी राहिलं काय? तिला चटकन कळलं नाही. कळलं तेव्हा ती बाहेर गाडीत बसली होती, आणि तिथून तिचं हसणं ऐकू आलं.

गुरप्पा म्हणतो, रानातली ज्वारी शिवरात्रीपर्यंत निघेल. "ज्वारी उपटल्याबिगर तुमचं इमान पळनार कुटं?" मी म्हटलं, सावकाश उपटा. घाई नाही. त्यानं माझ्याकडं जरा बघितलं.


शनिवार, १५ फेब्रुवारी

दोन्ही पदर लावून पाहिले. चुकलंय! चांगलंच चुकलंय!

शेपटाला एक तार जाते. तिच्यासाठी डाव्या पदराला लांबट भोक पाहिजे, उजव्याला नको. मी भोक पाडलं आहे उजव्याला. डावा साफ कोरा.

कसं झालं ते लगेच कळलं. मिलमध्ये माग डावा की उजवा हे विणकराच्या बाजूनं ठरतं. विणकर मागासमोर उभा राहतो, त्याची डावी ती डावी. सगळं आयुष्य मी तसंच काढत आलो. विमानाची डावी मात्र त्यात बसणाऱ्याची. तो आत बसून पुढं बघतो. मी विमानाच्या नाकासमोर उभा राहिलो, मागासमोर उभा राहावं तसा, आणि माझ्या डाव्या हाताला जे शेपूट आलं त्याला भोक पाडलं.

डाव्याला भोक पाडता येईल. उजव्याचं भोक बुजवायचं कसं? गुरप्पा म्हणाला, "ठिगळ लावा की." ठिगळ! लीलाच्या विमानाला!

पत्रा मुंबईहून मागवावा लागेल. दोन्ही पदर नवे करतो. लीलाला कार्ड टाकलं, पंधरवडा उशीर होईल.


रविवार, १६ फेब्रुवारी

गुरप्पाशी वाजलं.

तो सकाळीच आला. पाटावर बसला, पान लावलं, आणि एकदम म्हणाला, "पंत, येवढी वर्सं मागाचं डावं-उजवं केलं तुमी. एकदा तरी चुकलं? आन् ह्यावेळीच बरं चुकलं."

मी म्हटलं, म्हणजे काय म्हणणं आहे तुझं?

"म्हननं काय न्हाय. मारुतीचं शेपूट लांबायलंय, येवढंच."

मी त्याला बोलू नये ते बोललो. तुझ्या सरकीच्या ढिगात काय कळणार तुला वगैरे. तो उठला. पान तसंच हातात. सुंदरम्मा दारातच होती, तिनं मात्र सोडलं नाही. म्हणाली, "लेक निगाली की आईबाप रडत्यात. तुमी पत्रं ठोकायलाव. रडा की एकदा, मंजे काम हुईल."

या बाईला कुणी विचारलं होतं?


सोमवार, १७ फेब्रुवारी

गोदामात गेलो नाही.


मंगळवार, १८ फेब्रुवारी

आजही नाही. गुडघा दुखतो असा निरोप पाठवला. दुखत नाही.


गुरुवार, २० फेब्रुवारी

चार दिवस घरात बसून एकच विचार. मी मुद्दाम केलं का?

मुद्दाम नाही केलं. शपथेवर सांगतो. पण चूक सापडली तेव्हा आधी काय वाटलं, ते आज खरं लिहितो. हायसं वाटलं. मग वाईट.

गोदावरी गेल्यावर लीलाच्या वेण्या मीच घालायचो. शेजारच्या बायका म्हणायच्या, आम्ही घालतो. मी दिल्या नाहीत घालू. भांग पट्टीनं आखल्यासारखा सरळ यायचा. तेवढं एक मला येत होतं! वेण्या मात्र कधी सारख्या आल्या नाहीत. कारण सगळे बाप-आया मागं बसून घालतात, मी समोर बसायचो. समोर बसलं की ती बोलायची. शाळेतलं, पतंगाचं, गड्ड्याच्या जत्रेत काय घ्यायचं त्याचं. मागं बसलं की गप्प. म्हणून मी समोर. मग एक वेणी वर, एक खाली. शाळेत पोरी हसायच्या. तिनं कधी तक्रार केली नाही. एकदाच म्हणाली, "नाना, तुमची डावी वेगळी आणि माझी डावी वेगळी, म्हणून असं होतं."

म्हणजे तिला तेव्हाच कळलं होतं!

त्या वेण्यांसाठी आज काय वाटेल ते द्यावं. पण वेण्या वाकड्या आल्या तर पोरी हसतात तेवढंच. पदर वाकडा आला तर लीला आभाळात असेल. उद्या गोदामात जातो.


रविवार, २३ फेब्रुवारी

पत्रा परवाच्या गाडीनं आला. उजवा पदर झाला. कोरा, बिनभोकाचा. डावा निम्म्यावर आहे. या वेळी विमानात चढून बसलो, पुढं तोंड करून, आणि डावा हात बाहेर काढून मोठ्यानं म्हटलं — ही डावी! गोदामात कुणी नाही असं वाटलं होतं.

मी म्हणत होतो तेवढ्यात गुरप्पा आला. ऐकलंच असणार. गुडघ्याला लावायला तेल आणलं होतं, कढवून, वाटीत. गुडघा दुखत नाही हे त्याला पक्कं ठाऊक होतं. मीही धोतर वर केलं आणि तेल लावून घेतलं. मग त्यानं पत्रा धरला, मी ठोकला.

शाळेत गुरप्पाला मराठी येत नव्हतं आणि मला कानडी. तरी पहिल्याच दिवशी आम्ही दोघांनी मिळून मार खाल्ला होता. तेव्हापासून हे असंच आहे.


बुधवार, २६ फेब्रुवारी

वळसंग. विमान आलं!

पंख उतरवून एका गाडीत घातले, गवताच्या पेंढ्या लावून. धड स्वतःच्या चाकांवर, शेपूट दुसऱ्या गाडीला बांधलेलं. म्हणजे विमान सबंध वाटभर उलटं चाललं, बैलांच्या मागं, शेपटाकडून. वाटेत माणसं थांबून बघत होती. एका म्हाताऱ्यानं विचारलं, "ह्ये कशाला वढून न्यायलाव? उडत न्हाई व्हय?" गुरप्पा म्हणाला, "लहान हाय अजून."

ज्वारी निघाली आहे. रान फळी फिरवून सपाट केलंय, बैलगाडीच्या चाकोऱ्यासुद्धा बुजवल्या. मी त्याला तसं कधी सांगितलं नव्हतं.

संध्याकाळी दोन्ही पदर चढवले. कडेला चामड्याची पट्टी, वर बारीक स्क्रू. उजवा बसला. डावा बसला. तार भोकातून मोकळी सरकते, कुठं घासत नाही. शेपूट धरून हलवलं, विमान हललं पण पदर हलला नाही. झालं.

झालं, असं म्हणताना बरं वाटायला हवं होतं.


शनिवार, २९ फेब्रुवारी

लीला आली!

स्टेशनवर मी ओळखलंच नाही. केस कापलेत. पार मानेपर्यंत! तोंडानं हसलो. आतून कसंसं झालं. तिनं ओळखलं असावं, म्हणाली, "कानटोपीत मावत नाहीत, नाना." मी म्हटलं, छान दिसतात.

घरी टेकली नाही. चहा उभ्यानंच. लगेच वळसंग. अंगात चामड्याचा कोट, खाली पाटलोण. गावातल्या बायका पदर तोंडाला लावून बघताहेत, तिचं लक्षच नाही. बोल्ट न् बोल्ट तपासला. तारा ओढून पाहिल्या. शेपटाशी आली, पदरावर बोटांनी टकटक केलं, वाकून कडा पाहिली. म्हणाली, "काम चोख आहे."

बस! साहेब मजुराला म्हणतो तसं. काम चोख आहे.

जुनं काही निघालं नाही. माळावरच्या विमानाची आठवण काढली मी, तर "हो का? मला नाही फारसं आठवत" म्हणाली आणि वारा कुठून येतो ते विचारू लागली. आठवत नाही! मूठ मिटून जेवली होती, आठवत नाही!

ठीक आहे. तिची नजर पुढं आहे. असावीच.


सोमवार, २ मार्च

मुंबईचा तपासनीस साहेब येऊन गेला. शेपूट धरून गदागदा हलवलं. मला वाटलं माझीच मान धरली आहे. पदरावरून अंगठा फिरवला, काहीतरी पुटपुटला, सही केली. तासाभरानं लीलानं विमान रानावरून उचललं, दोन गिरक्या घेऊन उतरवलं. मी बघितलं नाही. गुरप्पा म्हणाला, बघा. मी नाही बघितलं. त्यानं शेवटपर्यंत माझा दंड धरून ठेवला होता.

बुधवारी निघणार. नकाशा पसरून बसली आहे. उठत नाही, बोलत नाही, पट्टीनं रेघा मारते. पट्टी धरायची माझ्यासारखीच लकब आहे, करंगळी वर. ती तरी तिच्याबरोबर जाईल.

सुंदरम्मा ओटी भरायला आली. कुमारिकेची भरतात का वगैरे विचारायची माझी छाती नव्हती. ती म्हणाली, "लांब निगाली, रिकाम्या वटीनं कशी धाडू?" तांदूळ, नारळ, खण, हळकुंड. लीला समोर उभी, कोट आणि पाटलोण. सुंदरम्मा हातात नारळ घेऊन थबकली. ओटी घेणार कशात? पदरच नाही! शेवटी लीलानं कोटाची दोन टोकं पुढं धरली, त्यात घातलं सगळं. सुंदरम्मा म्हणाली, "पदर इमानाला लावलाय ह्यांनी, पोरीला न्हाई." सगळे हसले. लीला जरा उशिरा हसली.

मग भाकऱ्यांचं आणि शेंगाच्या चटणीचं गाठोडं पुढं केलं मी. "नाना, वजन होतं. नाही नेता यायचं." नारळसुद्धा परत दिला, खाली मान घालून. तांदळाची मूठभर पुरचुंडी तेवढी कोटाच्या खिशात टाकली.

गाठोडं घेऊन घरी आलो. भाकरी खाल्ली. चटणी तिखट झाली होती.

जायची एवढी घाई असेल तिला, असं मला वाटलं नव्हतं. मी वेडा पत्रे ठोकत दिवस काढत होतो. ज्याला जायचं त्याला काय त्याचं!


मंगळवार, ३ मार्च

लीला दिवसभर वळसंगला. रात्री तिथंच, गुरप्पाच्या वस्तीवर झोपणार. विमानापाशी कुणीतरी हवं म्हणते. शेवटचा दिवससुद्धा घरी नाही. मी उद्या पहाटे गाडी जोडून जाईन.


बुधवार, ४ मार्च

उजाडता रानात पोचलो. लीला शेपटाशी, जमिनीवर मांडी घालून बसलेली. डावा पदर काढून मांडीवर घेतलेला. स्क्रू मुठीत.

म्हणाली, "नाना, हा नीट बसलेला नाही. पुन्हा करावा लागेल. आठ दिवस तरी जातील ना?"

नीट बसलेला होता. तिलाही ठाऊक होतं. डोळे सुजले होते, रात्रभर झोपली नसावी.

मी तिच्या समोर बसलो. तिची मूठ उघडली, स्क्रू काढून घेतले. पदर बसवला, एकेक स्क्रू पिळला. ती बोलत होती, तिला सगळं आठवत होतं — माळ, शिपाई, आईचं हसणं. सगळं. मी ऐकून घेतलं आणि शेवटचा स्क्रू पिळला.

मग इंजिन चालू करायला नाकावरचा पंखा मीच हातानं फिरवून दिला.